बद्ध आणि मुक्त

औषधाची गोळी पाण्याच्या घोटाबरोबर घशाखालीं उतरली, कीं ती आतां सरळ रोगाच्या पाठीस लागणार, अशी आपणां बहुतेकांची समजूत असते. पोस्टाच्या पेटींत टाकलेलें पत्र जसें लिहिलेल्या पत्त्यावर जाऊन पोंचतें, तसें डोकेदुखीचें औषध डोक्याकडे आणि गुडघेदुखीचें औषध गुडघ्याकडे जात असावें, असें घरोघरच्या बोलण्यावरून वाटतें. वस्तुस्थिति याहून पुष्कळच निराळी आहे. पोटांतून रक्तांत शिरलेल्या औषधाचा फार मोठा भाग, कित्येक औषधांच्या बाबतींत तर शेंकडा ९० किंवा ९९ भाग, रक्तांतल्याच एखाद्या प्रथिनाला बिलगून स्वस्थ बसतो. रोगाशीं गांठ घालावयास जातो तो उरलेला मूठभर भाग. या बिलगून बसणाऱ्या आणि मोकळें हिंडणाऱ्या दोन वर्गांचें परस्परांशीं नातें काय, आणि तें न ओळखल्यास माणसाच्या जिवावर कसें बेततें, याचा थोडा विचार आज आम्ही वाचकांपुढें ठेवणार आहों. आमचा व्यवसाय रसायनशास्त्र शिकविण्याचा. तेव्हां कोणास औषधोपचाराचा सल्ला देण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. परंतु या प्रकरणांतला हिशेबाचा भाग रसायनशास्त्राचाच आहे, आणि तो समजण्यास घरखर्चाच्या वहीला लागतें त्याहून अधिक गणित लागत नाहीं.

या प्रथिनांत मुख्य आहे तें अल्ब्युमिन. अंड्यांतील पांढऱ्या बलकाच्या लॅटिन नांवावरून हा शब्द आला. आपलें यकृत रोज सुमारें १० ते १५ ग्रॅम अल्ब्युमिन तयार करतें. निरोगी माणसाच्या दर १०० मिलिलिटर रक्तद्रवांत तें साडेतीन ते पांच ग्रॅम असतें. म्हणजे रक्तद्रवांतील सर्व प्रथिनांत निम्म्याहून अधिक वांटा या एकट्याचा. ५८५ अमिनो आम्लांची एक लांबलचक माळ गुंडाळून आणि १७ ठिकाणीं गंधकाच्या सांध्यांनीं पक्की करून निसर्गानें हा रेणु घडविला आहे. त्याचें पहिलें काम रक्तवाहिन्यांतलें पाणी रक्तवाहिन्यांतच धरून ठेवण्याचें. यकृत बिघडलें किंवा मूत्रपिंडांतून प्रथिन वाहून जाऊं लागलें म्हणजे पायांवर सूज चढते, ती बव्हंशीं याच कारणानें. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळीं हार्वर्ड येथील एडविन कोन यांनीं मानवी रक्तद्रवांतून अल्ब्युमिन वेगळें काढण्याची रीति बसविली, आणि डिसेंबर १९४१ मध्यें पर्ल हार्बरच्या जखमी लोकांना तें टोंचून देण्यांत आलें, तें याच गुणासाठीं.

त्याचें दुसरें काम हमालीचें. पाण्यांत सहजीं न विरघळणारे स्निग्ध पदार्थ, जुन्या तांबड्या पेशी मोडून निघणारें पिवळें पित्तद्रव्य, कांहीं अंतःस्राव, हें सर्व ओझें अल्ब्युमिन आपल्या अंगाखांद्यावर वाहतें. त्याच्या देहांत औषधांना बसण्याजोग्या दोन मुख्य खोबणी आहेत, असें सडलो, बर्केट आणि वेड या संशोधकांनीं १९७५ सालीं दाखवून दिलें. रक्त पातळ ठेवणारें वॉर्फरिन पहिल्या खोबणींत बसतें, तर अंगदुखीवरचें आयबुप्रोफेन दुसरींत. शरीरानें या खोबणी औषधांसाठीं राखून ठेवल्या होत्या असें नव्हे. धर्मशाळेंत जागा पाहून पथारी पसरणाऱ्या वाटसरूप्रमाणें औषधें तेथें शिरतात, एवढेंच.

हें बसणें कायमचें नसतें. औषधाचा रेणु खोबणींत शिरतो, सुटतो, पुन्हां शिरतो. क्षणोक्षणीं कांहीं बद्ध मुक्त होत असतात आणि कांहीं मुक्त बद्ध होत असतात. बदलत नाहीं तें प्रमाण. श्रीसमर्थांनीं दासबोधांत बद्ध, मुमुक्षु, साधक आणि सिद्ध असे माणसांचे चार वर्ग वर्णिले आहेत. रक्तांतल्या औषधाचे वर्ग दोनच, आणि त्यांत बद्धाला कमी लेखण्याचें कारण नाहीं, कारण जो आतां बद्ध आहे तोच घटकेनें मुक्त होणार आहे. मात्र रक्तवाहिनीच्या भिंतींतून बाहेर पडणें, पेशींत शिरणें, रोगावर काम करणें आणि शेवटीं यकृताच्या किंवा मूत्रपिंडाच्या वाटेनें नाहींसें होणें, हें सारें बहुशः मुक्ताच्याच वांट्यास येतें. बद्ध भाग हा कोठार होय. मुक्त भाग जसजसा खर्च होतो तसतसें कोठार आपण होऊन त्याची भर करीत जातें.

आतां रेल्वेचा एक भरलेला डबा डोळ्यांपुढें आणावा. बांकांवर बसलेले उतारू ते बद्ध, मधल्या वाटेंत उभे असलेले ते मुक्त, आणि डब्याचें दार म्हणजे यकृत व मूत्रपिंड. धक्काबुक्की होते ती उभ्या असलेल्यांची. बांकें कमी झालीं तर काय, बाहेरून आलेल्या दांडग्या मंडळींनीं बसलेल्यांना उठविलें तर काय, आणि दार बंद असेल तर काय, या तीन प्रश्नांत हें सारें शास्त्र सामावलें आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं.

यांतल्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर तान्ह्या बालकांच्या प्राणांनीं मिळालें. न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलांत डॉ. विल्यम सिल्व्हरमन आणि त्यांचे सहकारी अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांची शुश्रूषा करीत असत. अशा अर्भकांना जंतुदोष लवकर होतो, म्हणून तो होण्यापूर्वींच औषध देण्याची वहिवाट होती. दोन उपायांपैकीं बरा कोणता हें पाहण्यासाठीं त्यांनीं एका गटास पेनिसिलिन आणि सल्फिसॉक्साझोल हें सल्फा औषध दिलें, व दुसऱ्या गटास ऑक्सिटेट्रासायक्लिन. १९५६ सालीं त्यांनीं निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो कोणाच्याही मनांत आला नसेल असा होता. सल्फा मिळालेल्या गटांत मृत्यु अधिक झाले, आणि मृत बालकांच्या मेंदूंत खोलवर पिवळा रंग उतरलेला आढळला. काविळीचें पित्तद्रव्य मेंदूंत शिरून त्याची नासाडी झाली होती. आश्चर्य हें, कीं त्या बालकांच्या रक्तांत पित्तद्रव्याचें एकूण प्रमाण चढलेलें नव्हतें. कागदावर कावीळ सौम्य होती, आणि पाळण्यांतलें मूल मात्र मरत होतें.

या कोड्याचा उलगडा जेरार्ड ओडेल यांनीं १९५९ सालीं प्रसिद्ध केलेल्या कामानें झाला. सल्फा औषधानें अल्ब्युमिनवर बसलेल्या पित्तद्रव्याला उठवून लावलें होतें. मोठ्या माणसाचें यकृत असें उठवलेलें पित्तद्रव्य ताबडतोब बाहेर काढतें. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाचें यकृत तें काम अजून शिकलेलेंच नसतें. म्हणजे बांकावरून उठविलें आणि दार बंद. मग मोकळें झालेलें पित्तद्रव्य रक्त सोडून मेंदूंत शिरलें. तें रक्तांतून निघून गेलें म्हणूनच रक्ताच्या तपासणींत त्याचा आंकडा लहान दिसत होता. जें प्रमाण पाहून वैद्यानें निश्चिंत व्हावें, तेंच प्रमाण येथें घाताची खूण ठरलें. आम्हीं हा वृत्तान्त प्रथम वाचला त्या रात्रीं आम्हांस बराच वेळ झोंप आली नाहीं. त्या दवाखान्यांत कोणी निष्काळजी नव्हता. सर्वांना बालकें वांचवावयाचीं होतीं. सिल्व्हरमन यांनीं दोन गट पाडून शिस्तीनें तुलना केली नसती, तर ही गोष्ट आणखी किती वर्षें अंधारांत राहिली असती, हें सांगतां येणार नाहीं.

शास्त्राची चालही कधीं कधीं माणसाच्या स्वभावासारखी असते. एकदां दुधानें तोंड पोळलें म्हणजे ताक फुंकून प्यावें, तसें पुढें झालें. दोन औषधें एकत्र देऊन कोठें अपाय झाला, कीं एकानें दुसऱ्याला अल्ब्युमिनवरून उठविलें असलें पाहिजे, असा निर्वाळा मिळूं लागला. याचें प्रसिद्ध उदाहरण वॉर्फरिनचें. त्याची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांत नासका चारा खाऊन गुरें रक्तस्राव होऊन मरत. १९३३ च्या फेब्रुवारींत एक शेतकरी मेलेलें जनावर, न गोठलेल्या रक्तानें भरलेलें भांडें आणि तो चारा घेऊन बर्फाच्या वादळांतून कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेंत येऊन पोंचला. त्या चाऱ्यांतल्या विषाचा शोध करतां करतां पुढें वॉर्फरिन हातीं आलें. १९४८ सालीं तें उंदीर मारण्यासाठीं बाजारांत आलें, आणि १९५४ पासून माणसांना रक्ताच्या गुठळ्या होऊं नयेत म्हणून देण्यांत येऊं लागलें. उंदरांचें विष आणि माणसाचें औषध यांत अंतर मात्रेचें. आणि म्हणूनच त्याच्या मात्रेकडे डोळ्यांत तेल घालून पाहावें लागतें.

हें वॉर्फरिन शेंकडा ९९ बद्ध असतें. सांधेदुखीवर फेनिलब्यूटाझोन नांवाचें औषध त्या काळीं वापरांत होतें. तें सोबत दिलें तर रोग्यास रक्तस्राव होई. हिशेब सरळ वाटला. शंभरांत ९९ बसलेले, एक उभा. नव्या औषधानें बसलेल्यांपैकीं एकाला उठविलें, तर उभे झाले दोन. म्हणजे कार्य करणारें औषध एकदम दुप्पट! हा हिशेब इतका सुटसुटीत होता कीं तो पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनीं तो परीक्षेंत लिहिला. परंतु त्यांत दाराचा विचार नव्हता. मोठ्या माणसाचें यकृत जागें असतें. उभ्यांची गर्दी वाढली कीं दारांतून बाहेर पडणारेही वाढतात, आणि थोडक्याच वेळांत उभ्यांची संख्या पूर्ववत् होते. कमी होते ती डब्यांतली एकूण संख्या. मग रक्तस्राव कां होई? १९७४ सालीं त्याचें खरें कारण पुढें आलें. वॉर्फरिनचे रेणु दोन जातींचे असतात, उजव्या व डाव्या हातासारखे, एकमेकांचीं आरशांतलीं प्रतिबिंबें. त्यांपैकीं जी जात अधिक प्रखर, तिचा यकृतांतला निचरा फेनिलब्यूटाझोन अडवून धरी. आणि सौम्य जातीचा निचरा उलट वाढवी. दोन्ही जाती एकत्र मोजल्या म्हणजे बेरीज होती तेवढीच दिसे. अपराध दार अडविणाराचा, आणि शिक्षा मात्र बांकावरून उठविणारास, असा हा न्याय वर्षानुवर्षें चालला होता. २००२ सालीं बेनेट आणि होएनर यांनीं पुष्कळ औषधांचा हिशेब मांडून असें दाखविलें, कीं अल्ब्युमिनवरून उठवाउठवी झाल्यानें खरोखर अपाय व्हावा असे प्रसंग अगदीं थोडे आहेत.

तर मग सामान्य माणसाला या विषयाशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. आम्हीही तसेंच म्हटलें असतें. परंतु आमच्या वडील भगिनींच्या आजारानें हा विषय आमच्या घरांत येऊन बसला. आमच्या अक्कांना डोक्याच्या एका जुन्या दुखापतीपासून अधूनमधून झटके येत, आणि त्यांसाठीं त्या बरींच वर्षें फेनिटॉइन घेत आल्या आहेत. १९३८ सालापासून वापरांत असलेलें हें औषध शेंकडा ९० बद्ध असतें. मध्यंतरीं त्यांच्या पोटावर मोठी शस्त्रक्रिया झाली. तीन आठवडे अन्नावर वासना नव्हती. ताप येत होता. पायांवर सूज होती. एका सकाळीं रक्ताचा अहवाल आला. फेनिटॉइनचें प्रमाण १० ते २० असावें, तें ८ निघालें. तेथील तरुण डॉक्टरांनीं, आंकडा कमी म्हणून, मात्रा वाढविली. छापलेल्या कागदावर खालची मर्यादा स्पष्ट लिहिलेली होती, आणि झटका आला असता तर दोष त्यांच्याच माथीं आला असता.

पांच दिवसांत अक्कांची जीभ जड झाली. डोळे एका जागीं ठरेनात. उठून बसवावें तर तोल जाई. त्या आम्हांस एकदां आमच्या नांवानें आणि एकदां आमच्या दिवंगत वडिलांच्या नांवानें हांक मारूं लागल्या. "वय झालें, आतां असेंच चालायचें," असें भेटीस आलेलीं मंडळी हलक्या आवाजांत बोलूं लागलीं, आणि भाचा दारापाशीं उभा राहून डोळे पुशी. त्या संध्याकाळीं एक वयस्क वैद्य फेरीस आले. त्यांनीं अक्कांना बोटाकडे पाहावयास सांगितलें, मग अहवालांची चळत चाळली, आणि एकच प्रश्न केला: "यांचें अल्ब्युमिन किती आहे?" तें २ ग्रॅम होतें, म्हणजे असावयाच्या सुमारें निम्में. डब्यांतलीं अर्धीं बांकें कोणी काढून नेलीं होतीं. एकूण उतारू ८ च असले, तरी उभे राहणारे निरोगी माणसाच्या मानानें दुप्पट होते. शायनर आणि टोझर यांचें एक साधें सूत्र आहे: अल्ब्युमिनला ०.२ नें गुणून त्यांत ०.१ मिळवावा, आणि त्या संख्येनें आलेल्या आंकड्यास भागावें. आम्हीं अहवालाच्या पाठीवरच तें करून पाहिलें. ८ भागिले ०.५, म्हणजे १६. कमी समजलेलें प्रमाण मुळीं कमी नव्हतेंच. तें जेथें असावें तेथेंच होतें. त्यांत या औषधाचें दार अरुंद. यकृताची शक्ति लवकर संपते, आणि मात्रा थोडी वाढविली तरी रक्तांतलें प्रमाण भलतेंच चढतें. मात्रा उतरविल्यावर आठवड्याभरांत अक्कांची जीभ मोकळी झाली. पहिलें धड वाक्य त्यांनीं उच्चारलें तें रुग्णालयाच्या वरणाविषयीं होतें, आणि तें येथें लिहिण्याजोगें नाहीं.

बांकें कमी होतात तशीं तीं वाढतातही. रक्तांत आल्फा-एक-आम्ल ग्लायकोप्रोटीन या लांबलचक नांवाचें दुसरें एक प्रथिन आहे. कोठेंही दाह किंवा ताप असला कीं यकृत तें अधिक प्रमाणांत तयार करूं लागतें. क्वीनाईन, ज्याला आपल्याकडे जुनी मंडळी कोयनेल म्हणत, तें या प्रथिनाला बिलगतें. हिवतापानें फणफणलेल्या रोग्याच्या रक्तांत हीं बांकें वाढलेलीं असतात. म्हणून निरोगी माणसास सोसणार नाहीं एवढें एकूण कोयनेल तो रोगी सोसतो. त्यांतलें मोकळें थोडेंच असतें. रोग उतरणीस लागला कीं बांकेंही हळूहळू कमी होतात. दुखणें स्वतःच स्वतःच्या औषधाचें माप बदलतें, ही गोष्ट आम्हांस मोठी विलक्षण वाटते.

अलीकडे तर शास्त्रज्ञांनीं या बिलगण्याचाच उपयोग करून घेतला आहे. आंतड्यांतून निघणारा, साखरेवर ताबा ठेवणारा एक अंतःस्राव रक्तांत जेमतेम दोन मिनिटांत अर्धा होतो. त्याच्या रचनेंत थोडा फेरफार करून आणि त्याला स्निग्ध आम्लाची एक शेपटी जोडून सेमाग्लुटाइड हें मधुमेहाचें औषध केलें आहे. ती शेपटी अल्ब्युमिनला धरून राहते, आणि औषध अर्धें होण्यास सुमारें एक आठवडा लागतो. म्हणून तें आठवड्यांतून एकदां टोंचलें तरी पुरतें. ज्या कोठाराची एके काळीं धास्ती होती, त्याच्याच भरंवशावर आतां औषधें बेतलीं जात आहेत.

या सर्व हकीगतींत एकच गोष्ट आम्हांस पुनःपुन्हां दिसते. बेरीज मोजणें सोपें, आणि त्या बेरजेंतला कर्ता भाग मोजणें कठीण. म्हणून माणूस सोपें तें मोजतो आणि त्यालाच सत्य समजूं लागतो. अर्भकांच्या बाबतींत पित्तद्रव्याची बेरीज फसवी निघाली, वॉर्फरिनच्या बाबतींत दोन जातींची, आणि अक्कांच्या बाबतींत फेनिटॉइनची. आंकडे तिन्ही ठिकाणीं खरे होते. विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका तपासतांनाही आम्हांस हा विचार अलीकडे सोडीत नाहीं.

आंकड्यांवरचा विश्वास उडावा असा मात्र आमचा अभिप्राय नाहीं; कारण प्रत्येक ठिकाणीं सुटका झाली ती अधिक नेमक्या आंकड्यानेंच. फेनिटॉइनचा केवळ मुक्त भाग मोजण्याची सोय आज पुष्कळ प्रयोगशाळांत आहे. ती मागितली मात्र पाहिजे. घरांत कोणी झटक्यांवरचें असें औषध घेत असेल, आणि तें माणूस दीर्घ दुखण्यानें खंगलें असेल, यकृतानें किंवा मूत्रपिंडानें अधू झालें असेल, तर आपल्या वैद्यास अल्ब्युमिनचा आंकडा नम्रपणें विचारावा. तो आंकडा बहुधा त्याच अहवालाच्या दुसऱ्या पानावर, कोणी न वाचलेल्या ओळींत, छापलेला असतो.